डिसेंबरचे आठ दिवस मुलांना मोकळे द्या : इंदूरच्या शाळांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील सर्व शाळांचे माननीय प्राचार्य, संचालक मंडळांचे सदस्य आणि कोचिंग वर्गांचे संचालक,

सप्रेम नमस्कार.

शाळा नुकत्याच उघडल्या आहेत, माळव्यात पाऊस अजून नीट सुरू झालेला नाही, आणि अशा दिवसांत मी आपल्याला थंडीच्या सुट्टीविषयी लिहीत आहे. इतक्या लवकर लिहिण्याचे कारण असे की हे पत्र डिसेंबरात लिहून काहीच उपयोग नसतो. तोवर तारखा ठरून गेलेल्या असतात, परिपत्रके निघालेली असतात आणि ज्यांना घरी यायचे असते त्यांनी यंदा जमत नाही असे कळवून टाकलेले असते. वर्षाचे वेळापत्रक आपल्या टेबलावर आहे, त्यात अजून खाडाखोड करता येते, तोवरच काही मागता येईल असे वाटले.

मी राजेंद्रनगरात राहते. याच शहरात 31 वर्षे गणित शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे शाळेचे वार्षिक वेळापत्रक लावण्याचे कामही केले, त्यामुळे सुट्टीचा एकेक दिवस कसा ठरतो आणि कसा कापला जातो हे मला आतून ठाऊक आहे. मराठीत लिहिते आहे, कारण आपल्यापैकी अनेक जण मराठी आहेत आणि जे नाहीत त्यांच्याही स्टाफरूममध्ये दिवसभर मराठी कानावर पडत असते.

माझे मागणे एकच आहे आणि ते आधीच सांगते. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हे आठ दिवस शहरातल्या सगळ्या शाळांनी मिळून सुट्टीचे ठरवावेत, ते आत्ताच, फार तर सप्टेंबरअखेर जाहीर करावेत, आणि त्या आठ दिवसांत मुलांना कोणत्याही कारणाने शाळेत बोलावू नये, घरी काही लिहायला देऊ नये आणि शाळा उघडताच चाचणी ठेवू नये.

हेच आठ दिवस का, ते सांगायला हवे. इंदूरच्या मराठी घरांची आज जी स्थिती आहे तीच आमच्याही घराची आहे. मोठी लेक इथेच आहे, मुलगा पुण्याला आहे, धाकटी लेक बंगळुरूला, पुतणे ठाण्याला आणि नाशिकला. शिकून सवरून मुले दक्षिणेकडे गेली आणि तिकडचीच झाली. त्यांनी एकत्र यायचे म्हटले की प्रश्न येतो तो मुलांच्या शाळांचा. महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीत भरपूर सुट्टी असते. आपल्याकडे दिवाळीचे पाच-सहा दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत ज्याला त्याला आपल्या घरचे लक्ष्मीपूजन, आपल्या दारातली पणती सोडवत नाही. उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तिकडच्या काही शाळा आपल्या आधी उघडतात, आणि मोठ्या मुलांच्या मागे प्रवेशाची धावपळ असते. उरतो डिसेंबरचा शेवट. नाताळ ते नवे वर्ष या काळात पुण्या-बंगळुरूच्या अनेक शाळा थोड्याफार बंद असतात आणि मुलांच्या आई-बापांनाही कंपन्यांतून रजा मिळते. सगळ्यांची सुट्टी एका वेळी पडावी असा वर्षातला एवढाच एक आठवडा आहे.

आणि नेमका तोच आठवडा इंदुरात विस्कटलेला असतो. राज्य सरकारचा शीतकालीन अवकाश, म्हणजे थंडीची सुट्टी, गेली काही वर्षे साधारण 31 डिसेंबरपासून 4 जानेवारीपर्यंत असतो; खासगी शाळांपैकी कोणी 24 तारखेला शाळा बंद करते, कोणी नाताळच्या एकाच दिवशी सुट्टी देऊन पुढे वर्ग चालू ठेवते. एकाच घरातली दोन सख्खी चुलत भावंडे, एकाच रस्त्यावर राहणारी, पण एकाची सुट्टी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी मग कोणाच्या सुट्टीला यायचे?

प्रवासाचेही पाहावे. इंदूर आणि पुणे यांत सुमारे 600 किलोमीटर अंतर आहे. रेल्वेने यायचे तर गाडी गुजरातचा वळसा घेऊन, सुरत-वडोदरा-रतलाम करत येते. रस्त्याने यायचे तर रात्रभर बसमध्ये, धुळे-शिरपूर-सेंधवा या मार्गाने, आणि बिजासनच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की सकाळचा चहा घाटातच. इंदूर-मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने 18,036 कोटी रुपयांची मंजुरी दिली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, यावरून तो रस्ता आम्हाला किती जड जातो याची कल्पना यावी. तो मार्ग होईल तेव्हा होईल. सध्या तिकिटांचा हिशेब असा आहे की रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते. म्हणजे 24 डिसेंबरला पुण्याहून निघायचे असेल तर 25 ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता तिकीट काढावे लागते, आणि त्या गर्दीच्या दिवसांची तिकिटे बघता बघता संपतात. विमानाचे भाडे त्या आठवड्यात किती चढते हे आपणही अनुभवले असेल. आणि सुट्टीचे परिपत्रक पालकांच्या मोबाईलवर येते डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात! मी स्वतः वेळापत्रक लावत असताना या उशिराचे मला काहीच वाटत नसे, कारण त्या काळी माझी मुले माझ्याच घरात होती.

माझ्या लहानपणी या सुट्टीला घरात 'नाताळची सुट्टी' म्हणत. आम्ही तेव्हा रामबागेत राहत होतो. मामा आणि मावशी अकोल्याहून छोट्या लाइनीच्या गाडीने येत. खंडव्याहून इंदूरला येणारा तो मार्ग दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन बांधवून घेतला होता, आणि त्याच लाइनीने खंडवा, अकोला इकडची माणसे आमच्या घरी थेट येऊ शकत. कालाकुंडच्या स्टेशनवर गाडी घाट चढण्याआधी थांबे आणि मामा तिथला कलाकंद पळसाच्या पानांत बांधून घेई. तो पुडा उघडला की सुट्टी लागली असे आम्ही समजत असू, मग शाळेचे प्रगतिपुस्तक आलेले असो वा नसो. रात्री माजघरात आणि ओसरीवर गाद्या घातल्या जात, त्यांवर पंधरा-सोळा मुले, आणि कोण कोणाच्या पांघरुणात आहे याचा पत्ता सकाळीच लागे. त्या मार्गावरचा पातालपाणी ते कालाकुंड एवढा तुकडा 2018 पासून पर्यटकांसाठी चालवतात. माझी नातवंडे त्या गाडीत हौसेने बसली. त्यांना मी सांगितले की ही फिरायची गाडी नव्हती, ही मामाची गाडी होती.

आता गेल्या डिसेंबरची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच हे पत्र लिहिण्याचे ठरवले. शाळेचे नाव घेत नाही. ती वाईट शाळा नाही आणि जे तिथे झाले ते इतरत्रही होते.

चार वर्षांनी प्रथमच सगळे जमले होते. पुण्याचे चौघे, बंगळुरूचे तिघे, नाशिकचा पुतण्या त्याच्या मुलींना घेऊन, आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना घरातली सगळी मुले मोठी आत्या म्हणतात. त्यांचे वय 84. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धुंधुरमास असतो हे आपल्याला माहीतच आहे. सूर्य उगवताना नैवेद्य दाखवायचा आणि कोवळ्या उन्हात बसून गरम गरम जेवायचे, अशी आमच्याकडची रीत. एरवी आम्ही दोघेच म्हातारे, त्यामुळे रीत पाळतो ती चमचाभर खिचडीपुरती. त्या दिवशी मात्र मोठ्या आत्यांनी गच्चीवर तीन विटांची चूल मांडायला लावली. 27 डिसेंबरची सकाळ होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, मुगाची खिचडी, आदल्या रात्री निखाऱ्यावर भाजून ठेवलेल्या वांग्यांचे भरीत, घरी काढलेले लोणी, गूळ. मुले शाली पांघरून ओळीने बसली होती, भाकरी फुगली की ओरडत होती, आणि पहिली कोणाला यावरून भांडत होती.

माझा इथला नातू, मोठ्या लेकीचा, आठवीत होता. तो त्या ओळीत नव्हता. शाळेने 27 आणि 29 डिसेंबरला 'एक्स्ट्रा क्लास' ठेवले होते, अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून. सात वाजायला दहा मिनिटे असताना कोपऱ्यावर बस आली आणि तो गेला. जाताना त्याने गच्चीकडे पाहिले, एवढे मला वरून दिसले. त्याचे ताट वाढून त्यावर दुसरे ताट पालथे घालून मी स्वयंपाकघरात ठेवले. दोन वाजता तो आला. भाकरी कडक झाली होती, लोणी विरघळून भाकरीच्या कडेला थिजले होते. परत गरम करून देते म्हटले तर नको म्हणाला. जेवताना त्याने एकच विचारले, "सगळे किती वाजता उठले होते?"

त्या एक्स्ट्रा क्लासमध्ये काय झाले तेही मी शिक्षिकेच्या सवयीने विचारले. चाळीसपैकी सतरा मुले आली होती. इतके थोडे आले म्हणून नवीन धडा घेतला नाही, वाचन करायला सांगितले.

याच सुट्टीत एक प्रकल्पही होता. 31 मे 2025 ला अहिल्यादेवींच्या जन्माला 300 वर्षे झाली, म्हणून त्यांच्यावर सचित्र प्रकल्प करून 2 जानेवारीला आणायचा होता. विषय उत्तम, यात वादच नाही. इंदुरात वाढणाऱ्या मुलाला तो माहीत असायलाच हवा. पण 30 तारखेला बाकीची सगळी मुले महेश्वरला गेली, आणि प्रकल्प अपुरा म्हणून हा घरी राहिला. महेश्वर इथून दोन-अडीच तासांवर आहे. नर्मदेचा घाट, किल्ल्याच्या पायऱ्या, आणि अहिल्यादेवी जिथे बसून कारभार पाहत ती साधी गादी. त्या गादीपुढे उभे राहिले की राज्यकर्तीने कसे राहावे हे मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमची पुण्याची, बंगळुरूची मुले तिच्यापुढे उभी राहून आली. इंदूरचा मुलगा त्या वेळी आईबरोबर स्टेशनरीच्या दुकानात रंगीत प्रिंट काढत होता. संध्याकाळी भावंडांनी मोबाईलवर फोटो दाखवले तेव्हा त्यातलाच एक त्याने प्रकल्पासाठी मागून घेतला. प्रकल्पावर 'एक्सलंट' असा शेरा मिळाला.

मी कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मीही सुट्टीत गणिताची 50 उदाहरणे देत असे. सुट्टी वाया जाऊ नये, हात चालता राहावा, असे मला मनापासून वाटे. एका जानेवारीत वह्या तपासताना 37 व्या उदाहरणात एका मुलाने सातच्या जागी एक लिहिलेला दिसला, आणि मग तीच चूक, त्याच जागी, आणखी दहा वह्यांत सापडली. म्हणजे एकाने सोडवले होते आणि बाकीच्यांनी सुट्टीच्या शेवटच्या रात्री उतरवले होते. त्या मुलांना मी रागावले. रागावण्यापेक्षा मी पुढच्या वर्षी ती 50 उदाहरणे बंद करायला हवी होती. ती मी बंद केली नाहीत, याची रुखरुख आता वाटते.

सुट्टीत मुले काही शिकत नाहीत असे जे आपण धरून चालतो, ते घरात बसून पाहिले तर खरे ठरत नाही. मोठ्या आत्यांनी त्या आठवड्यात शेकोटीपाशी मुलांना दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, शिकवली. दीड, तीन, साडेचार, सहा. दोन दिवसांत नाशिकच्या दोघी मुली अडीचकीवर आल्या होत्या. मी 31 वर्षे गणित शिकवले, पण अपूर्णांकांची इतकी गोडी मला वर्गात लावता आली नाही, कारण वर्गात 84 वर्षांची आत्या नव्हती आणि हरणाऱ्याने सगळ्यांचे होले सोलायचे असा नियमही नव्हता. होले म्हणजे आपल्याकडे भाजलेले हिरवे हरभरे. पुण्याच्या नातवंडांना हा शब्द इथेच कळला.

भाषेचे तर मी काय सांगावे! इंदूरच्या मराठी मुलाला मराठी शिकण्याची जागा आता शाळेत उरलेली नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, आणि घरात आई-बाप दमून आलेले, त्यामुळे जे तोंडात येईल ते. मराठी खरी बोलली जाते ती बरोबरीच्या मुलांशी, भांडताना आणि गुपिते सांगताना. माझा नातू "मी येऊन राहिलो" म्हणतो, ही आपली इंदुरी मराठी. पहिल्या दिवशी पुण्याचा भाऊ त्याला हसला. चौथ्या दिवशी तोच गच्चीवरून ओरडत होता, "थांब ना, येऊन राहिलो!" आणि आमचा नातू त्याच आठवड्यात मामेभाऊ, आतेबहीण, मावसभाऊ, चुलत चुलते असे सगळे नीट सांगायला शिकला. एरवी त्याच्या लेखी ते सगळे 'कझिन' होते. आपल्या शहरात साहित्य सभा आहे, नाटकांचे प्रयोग होतात, मराठी मंडळे मनापासून कामे करतात, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी मराठी राहायची असेल तर त्याची भावंडे वर्षातून आठ दिवस त्याच्या घरी राहायला हवीत. हे काम कोणतीही संस्था त्यांच्याऐवजी करू शकत नाही.

काही पालकांचे म्हणणे मला ठाऊक आहे, कारण त्यांचे फोन मीही घेतले आहेत. 'घरी राहिली की मुले मोबाईलवरच बसतात, काहीतरी अभ्यास द्या.' पहिल्या संध्याकाळी आमच्याकडेही सहा मुले सहा मोबाईल घेऊन सहा कोपऱ्यांत बसली होती, हे मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा कॅरम खाली आला. तिसऱ्या रात्री सगळी पलटण सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेली, थंडीत कुडकुडत उभी राहिली आणि तळून काढलेल्या गराडूवर, म्हणजे एका कंदाच्या फोडींवर, लिंबू आणि जीरावन मसाला किती घालायचा यावर वाद घालत आली. मूल एकटे असते तेव्हा मोबाईल धरते. म्हणूनच ती एकत्र येतील असे दिवस त्यांना हवेत. घरी एकट्याने भरायच्या वह्यांनी तो मोबाईल सुटत नाही.

दिवसांचा हिशेबही मांडून पाहिला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 आणि सहावी ते आठवीला 220 कामाचे दिवस सांगितले आहेत. वर्षातले 52 रविवार वजा केले तर 313 दिवस राहतात. त्यातून 220 काढले तरी 93 उरतात. उन्हाळ्याचा दीड महिना आणि सणवार त्यातून गेले तरी डिसेंबरचे आठ दिवस आरामात बसतात, आणि त्यांतला एक तर रविवारच असतो. अभ्यासक्रम मागे पडतो हे खरे आहे. पण तो मागे पडतो ऑगस्ट-सप्टेंबरात, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि स्पर्धांच्या गडबडीत, हे वेळापत्रक लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथले सहा तास वाचवले तर 27 डिसेंबरला बस काढावी लागणार नाही.

दहावी-बारावीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी हलका मानत नाही. सीबीएसईच्या प्रात्यक्षिक परीक्षा 1 जानेवारीपासून सुरू होऊ शकतात, लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यावर येतात, त्याआधी प्री-बोर्ड. त्या मुलांना सबंध आठ दिवस देणे कठीण असेल तर 25 ते 28 हे चार दिवस द्यावेत, पण ते पूर्ण द्यावेत. सकाळी दोन तास बोलावून बाकी दिवस मोकळा, अशी सुट्टी कोणालाच उपयोगी पडत नाही. त्या दोन तासांसाठी सगळे घर इंदुरात अडकून राहते.

कोचिंग वर्गांच्या संचालकांनाही हीच विनंती आहे, जरा अधिक आग्रहाने. भंवरकुआंच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी मुले खरगोन, बडवानी, धार, बऱ्हाणपूर इथून आलेली असतात. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीच्या उत्तरार्धात येते, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाचण्यांची मालिका लागते, आणि ती बुडवली तर क्रमवारीत मागे जाण्याची भीती असते. ही मुले सोळा-सतरा वर्षांची आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका घरात अशी तीन मुले भाड्याने राहत. गेल्या 31 डिसेंबरला त्यांतल्या एकाची आई बऱ्हाणपूरहून बसने डबा घेऊन आली, संध्याकाळी चाचणी सुटेपर्यंत आमच्या ओट्यावर बसली, अर्धा तास मुलाशी बोलली आणि शेवटच्या गाडीने परत गेली. डब्यात तिळाच्या वड्या होत्या. तिने आम्हालाही दिल्या. चाचणी 3 तारखेला झाली असती तर तो मुलगा तीन दिवस स्वतःच्या घरी जेवला असता, आणि त्याची क्रमवारी जिथे होती तिथेच राहिली असती, कारण सगळ्यांचीच चाचणी 3 तारखेला झाली असती.

आपल्या शिक्षकांचाही विचार व्हावा. एक्स्ट्रा क्लास घेणाऱ्या शिक्षिकेच्या घरीही त्याच दिवशी दीर-जाऊ आलेले असतात आणि तीही सकाळी साडेसहाला डबा भरून स्कूटरवर निघते. मी ते केले आहे.

शहरातल्या सगळ्या शाळांनी एका तारखेवर येणे अवघड आहे असे म्हटले जाते. पण कडाक्याची थंडी पडली की जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाने सगळ्या शाळांच्या वेळा दुसऱ्या दिवशी बदलतात, हे आपण दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. सीबीएसई शाळांचे सहोदय समूह आहेत, तिथे प्राचार्य एकत्र बसतात, क्रीडास्पर्धांच्या आणि प्रश्नपत्रिकांच्या तारखा ठरवतात. त्याच बैठकीत ही एक तारीख ठरवता येईल. कोणी एका मोठ्या शाळेने आधी पाऊल उचलले तर बाकीच्या मागे येतील, असा माझा अनुभव आहे. पुस्तकांचे ओझे कमी करण्याच्या वेळी तसेच झाले होते. शासनाच्या अवकाशाशी मेळ बसावा म्हणून शिक्षण विभागाकडे एक निवेदन द्यायचे ठरले तर त्यावर सही करायला आणि सह्या गोळा करायला माझ्यासारखे अनेक आजी-आजोबा तयार आहेत. आम्हाला वेळ आहे.

मोठ्या आत्यांची प्रकृती बरी आहे. जाताना त्या गच्चीवरच्या तीन विटा तशाच ठेवायला सांगून गेल्या. त्या अजून तिथेच आहेत, पावसाने भिजू नयेत म्हणून मी त्यांवर पत्रा टाकला आहे. 25 ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता माझा मुलगा पुण्यात तिकिटे काढायला बसेल. त्याने मला आत्ताच विचारून ठेवले आहे की भाच्याची शाळा यंदा कोणत्या तारखेला बंद होणार. आपण तारीख ठरवून कळवलीत की मी त्याला सांगेन.

आपली नम्र,
राजेंद्रनगर, इंदूर येथील एक निवृत्त शिक्षिका